सुप्याच्या वह्यांपासून सिंगापूरच्या दाव्यापर्यंत

बारामती तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी 12 मे 1875 रोजी जमलेल्या रयतेने सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन प्रथम मागितले ते खातेवह्या आणि कर्जरोखे. आणि हाती आलेल्या दप्तराची तिने होळी केली. अमेरिकेतील यादवी 1865 साली संपताच कोसळलेला कापसाचा भाव आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत सरल्यावर 1867 साली चढविलेला सारा, ही या दंग्याची कारणे म्हणून सांगितली जातात, व ती यथार्थच आहेत. परंतु जो हिशेब आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याची नक्कलही मिळत नाही त्यावरचा रोष या दोहोंहून जुना असावा, असे मला वाटते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची दाद तीन वर्षांपुरती ठेवली ती कुळाच्या हितासाठी; प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला, भरलेल्या रकमेची पावती बहुधा मिळेना, आणि खाली निशाणी करणाऱ्याला वरचा मजकूर सावकाराच्या तोंडूनच कळे. म्हणून पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी 1879 साली झालेल्या कायद्याने कुळाला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा जो हक्क दिला, त्याचे मोल मी फार मानतो.

पुढे त्याच अमेरिकी कापसाने मुंबईच्या जुगाराला आकडा पुरविला, ही गंमतच. न्यूयॉर्कच्या बाजारातील उघडत्या व बंद होत्या भावांवर लोक पैसे लावीत. 1960 नंतर तो आधार तुटला तेव्हा मटका आला. धंदा 1887 च्या जुगारबंदी कायद्याखाली सरळसरळ गुन्ह्याचा, तरी मटका चालविणारा रतन खत्री पत्ते चारचौघांसमक्ष काढतो या ख्यातीवर त्याचा बाजार चाले. बेकायदा व्यवहारालाही साक्षीदार लागतात ते असे.

आजच्या काही जुगारी संकेतस्थळांनी हा साक्षीदार गणितात शोधला. डावापूर्वी एका गुप्त संख्येचा सांकेतिक ठसा जाहीर करावयाचा, डाव संपल्यावर मूळ संख्या उघड करावयाची, आणि दोहोंचा मेळ खेळणाऱ्याने स्वतः घालून पाहावयाचा. पान मागाहून बदलले नाही एवढे यातून निर्विवाद सिद्ध होते. पण जिंकलेली रक्कम मालक देईल की खाते गोठवील, याविषयी तो ठसा मौन पाळतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळच बंद करणारा कायदा केला.

क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, व्यवहारातही विश्वास कोणावर ठेवावा याचा धडा पुणे जिल्ह्याने लवकर घेतला. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा शेकडा दहा परताव्याचे आमिष होते, आणि 2018 साली पुणे पोलिसांनी तिच्या म्होरक्यास अटक केली; परंतु त्या तपासात साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्त चलनाचा अपहार केल्याच्या आरोपावरून मार्च 2022 मध्ये गजाआड व्हावे लागले, हे कादंबरीत वाचले असते तर अतिरंजित म्हटले असते.

‘वझीरएक्स’चे प्रकरण मात्र निराळे. 18 जुलै 2024 रोजी या एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले, पैसे काढणे थांबविण्यात आले, आणि ज्यांच्या नाण्यांना चोराचा हातही लागला नव्हता असे खातेदारही तोट्याच्या वाटणीत ओढले गेले. त्यांच्या पडद्यावर शिल्लक दिसत होती. ती त्यांच्या ताब्यात नव्हती. सुप्याच्या कुळाला मुनसफाचे कोर्ट दूर वाटे. या खातेदारांच्या देण्याचा निवाडा, मूळ कंपनी तिकडची असल्याने, सिंगापूरच्या उच्च न्यायालयापुढे गेला. सरकारने 2022 पासून या व्यवहारांच्या नफ्यावर शेकडा तीस कर व प्रत्येक विक्रीवर शेकडा एक कपात लावली, आणि 2023 पासून एक्स्चेंजांना संशयास्पद उलाढालींची खबर सरकारास देणे भाग पाडले. खातेदाराची ठेव कशी राखावी आणि तिचा हिशेब त्याला कसा द्यावा, हे सांगणारा स्वतंत्र कायदा या सर्व खटाटोपात झाला नाही.