जबड्याचा नकाशा, पडद्यावर

वर्धा जिल्ह्यात खर्रा पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना. त्यातून होणारा तोंडाचा कर्करोग अनेकदा जबड्याच्या हाडापर्यंत पोचतो आणि मग हाडाचा तुकडाच काढावा लागतो. त्या जागी बहुधा पायातलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट बसवतात. पण हे हाड सरळ आणि जबडा वाकडा! कुठे, किती कोनात कापायचं?

इथे संगणक कामी येतो. सीटी स्कॅन शरीराचे शेकडो पातळ काप टिपतो. प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा असतो : पाणी 0, हवा उणे 1000, हाड बरंच वर. विशिष्ट आकड्यावरचे बिंदू निवडले, की मांस गळून पडतं आणि पडद्यावर फिरवता येणारा जबडा उरतो. निरोगी बाजूची आरशातली प्रतिमा रोगट बाजूवर ठेवून नवा आकार ठरवतात. मग करवतीला वाट दाखवणारा साचा त्रिमितीय छपाईने तयार होतो. मोटारीचा सुटा भाग कारखान्यात घडवण्याआधी अभियंते हेच करतात : आधी पडद्यावर जुळवणी, मग धातूला हात. चार्ल्स हल यांनी 1984 मध्ये या छपाईच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो वस्तूंचे नमुने झटपट बनवण्यासाठी. शस्त्रक्रियेला तिचा एवढा आधार होईल, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरीही कापावं न लागणं केव्हाही चांगलं. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, पांढरा चट्टा दिसत असेल, तर सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात लगेच दाखवा.