चार्ल्स डिबडिन
चार्ल्स डिबडिन (बाप्तिस्मा: ४ मार्च १७४५, साउदॅम्प्टन, मृत्यू: २५ जुलै १८१४, लंडन) हा जॉर्जियन काळातील इंग्लिश गीतकार, संगीतकार, नट आणि गायक होता. नाविकांच्या जीवनावरील गीतांमुळे तो ओळखला जातो. त्याच्या गीतांनी इतरांना भरपूर पैसा मिळवून दिला. तो स्वतः मात्र आयुष्यभर धनकोंपासून पळत राहिला.

लंडनच्या रंगभूमीवर
डिबडिन कोवळ्या वयात लंडनला आला. 'द शेफर्ड्‌स आर्टिफिस' ही त्याची संगीतिका १७६४ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात सादर झाली. १६ मे १७६७ रोजी याच नाट्यगृहात त्याने एका गायिकेला पियानोची साथ केली. इंग्लंडमध्ये हे वाद्य जाहीरपणे वाजवले गेल्याचा हा पहिला नोंदलेला प्रसंग मानला जातो.

१७६८ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात 'द पॅडलॉक' रंगमंचावर आले. संहिता आयझॅक बिकरस्टाफची आणि संगीत डिबडिनचे होते. मंगो या कृष्णवर्णीय नोकराची विनोदी भूमिका त्याने चेहरा काळा रंगवून केली. ती अफाट लोकप्रिय झाली, परंतु गोऱ्या नटांनी तोंड काळे करून हशा मिळवण्याच्या दीर्घ आणि अपमानास्पद परंपरेची सुरुवातही येथेच दिसते. पुढे आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने हीच भूमिका केली. नाटकाच्या संगीताच्या छापील प्रती हजारोंनी खपल्या, तरी संगीतकाराच्या हाती त्यातले फारच थोडे लागले.

ड्रुरी लेनचा व्यवस्थापक डेव्हिड गॅरिक याच्याशी त्याचे पटले नाही. स्वभावाने तो भांडखोर होता, आणि खर्चाला धरबंध नव्हता. नर्तिका व नटी हॅरिएट पिट हिच्यापासून त्याला मुले झाली, पण त्याने तिला सोडून दिले. या मुलांपैकी चार्ल्स आणि थॉमस हे दोघे पुढे नाटककार झाले. थोरल्याच्या नावात बापाच्या गाजलेल्या भूमिकेवरून 'मंगो' हे नावही होते. कर्ज वाढल्याने १७७६ मध्ये डिबडिन फ्रान्सला निघून गेला आणि १७७८ मध्ये परतला. १७८२ मध्ये चार्ल्स ह्यूज या घोडेस्वाराबरोबर त्याने 'रॉयल सर्कस' सुरू केली. घोड्यांच्या कसरती व नाट्यप्रयोग एकत्र दाखवण्याची ही कल्पना लोकांना आवडली, पण भांडणे आणि देणी यांत त्याच्या हाती काही उरले नाही. कर्जापायी त्याला कैदही घडली.

भारताचा बेत आणि एकपात्री कार्यक्रम
भारतात जाऊन नशीब काढावे, या विचाराने त्याने प्रवासखर्चासाठी इंग्लंडभर दौरा केला. १७८८ मध्ये तो जहाजात बसलाही. परंतु खराब हवामानामुळे जहाजाला टॉरबे येथे आश्रय घ्यावा लागला आणि डिबडिन तेथेच उतरला. निघण्यापूर्वी 'पुअर जॅक'सह काही गाणी त्याने किरकोळ रकमेला विकली होती. प्रकाशकाने त्यांतून कितीतरी पट नफा कमावला. या अनुभवानंतर तो आपली गाणी स्वतःच छापू लागला.

याच सुमारास त्याला स्वतःची वाट सापडली. एकट्याने गोष्ट सांगायची, मध्येच गाणे म्हणायचे आणि साथही आपणच करायची, असे हे कार्यक्रम होते. 'द ऑडिटीज' (१७८९) त्यांपैकी एक. त्यातील 'टॉम बोलिंग' हे शोकगीत थोरला भाऊ कॅप्टन थॉमस याच्या स्मरणार्थ लिहिल्याचे समजले जाते. हा भाऊ भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. त्याचा मुलगा, ग्रंथसूचीकार थॉमस फ्रॉग्नॉल डिबडिन, १७७६ मध्ये कोलकात्यात जन्मला. एकपात्री कार्यक्रमांसाठी डिबडिनने 'सां सूसी' (निश्चिंत) नावाचे छोटे नाट्यगृह चालवले. मालकाच्या आयुष्याशी त्या नावाचा फारसा मेळ नव्हता.

निवृत्तिवेतन व अखेर
फ्रान्सशी युद्ध चालू असताना नाविकांचे मनोबल वाढवणारी गीते सरकारला उपयोगाची वाटली. १८०३ मध्ये त्याला वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले आणि त्या बदल्यात युद्धगीते लिहिण्याची अपेक्षा ठेवली गेली. त्याच वर्षी त्याचे चार खंडांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. १८०५ मध्ये तो निवृत्त झाला. मात्र पुढे ग्रेनव्हिल सरकारने वेतन बंद केले. मग त्याने संगीताचे दुकान काढले, तेही बुडाले. १८१० मध्ये चाहत्यांनी जाहीर भोजन भरवून त्याच्यासाठी निधी उभारला. नंतर त्याला पक्षाघात झाला. कॅम्डेन टाउन येथे त्याचे दफन करण्यात आले.

ट्रफॅल्गरच्या लढाईच्या शताब्दीनिमित्त १९०५ मध्ये हेन्‍री वुडने रचलेल्या सागरी गीतांच्या वाद्यवृंद-संचात 'टॉम बोलिंग'ची धून चेलोवर वाजते. लंडनच्या प्रॉम्स संगीतोत्सवाच्या शेवटच्या रात्री ती अनेक वर्षे ऐकू येत असे.