बांधकामपूर्व मृदा अन्वेषण : वेधन, नमुना व वर्गीकरण (हट्टा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा हे गाव वैनगंगा खोऱ्याच्या भातपट्ट्यात येते. या पट्ट्यातील शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतात. कन्हार काळी व चिकण. ती ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सिहार पिवळसर, रेतीमिश्रित व भाताला मानवणारी. पिकासाठी हे वर्गीकरण पुरेसे आहे. परंतु त्याच जमिनीवर दोनमजली शाळा बांधायची झाल्यास पायाखालच्या थरांचीही माहिती लागते. कन्हारीसारखी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. उथळ पायाच्या भिंतींना त्यामुळे तडे जातात. म्हणून कम्युनिटी कॉलेजच्या बांधकामविषयक अभ्यासक्रमात मृदा अन्वेषणाला महत्त्व आहे.

वेधन

हट्ट्याची जुनी दगडी बावली खणताना कारागिरांना प्रत्येक थर डोळ्यांनी दिसला असेल. बोअरच्या अरुंद छिद्रात तसे दिसत नाही. तेथे वर आलेला नमुना हाच एकमेव साक्षीदार असतो. भारतीय मानक १८९२ च्या १९७९ मधील आवृत्तीनुसार सुमारे ०.४ हेक्टर जागेवरील इमारतीसाठी चार कोपऱ्यांत व मध्यभागी एकेक बोअर किंवा चाचणी खड्डा घ्यायचा असे. लहान इमारतीस मध्यभागी एक पुरत असे. मऊ मातीत हाताने फिरवायचे ऑगर चालते. पाण्याच्या झोताने बोअर घेतल्यास पाण्याबरोबर वर येणारी माती अनेक थरांची मिसळ असते. तिला नमुना मानू नये.

नमुने

प्रमाण वेधन चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडून नळी ४५ सेंटिमीटर आत ठोकतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून उरलेल्या ३० सेंटिमीटरच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन-मूल्य. या नळीचा बाह्य व्यास ५०.८ व आतील व्यास ३५ मिलिमीटर असतो. म्हणजेच नळीच्या भिंतीचे क्षेत्रफळ आतील पोकळीपेक्षाही अधिक, सुमारे १११ टक्के होते. त्यामुळे मातीची मूळ रचना मोडते. असा विस्कळीत नमुना वर्गीकरणास योग्य, पण मातीची कर्तन-शक्ती किंवा इमारतीचे खचणे मोजण्यास अयोग्य होय. त्यासाठी पातळ भिंतीची नळी दाबून अविस्कळीत नमुना घ्यावा व ओल टिकावी म्हणून टोके मेणाने बंद करावीत. बोअर क्रमांक, खोली व दिनांक जागेवरच लिहावा. नाव नसलेला नमुना निरुपयोगी ठरतो.

वर्गीकरण

भारतीय मानक १४९८ (१९७०) प्रमाणे निम्म्याहून अधिक माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेल्यास ती सूक्ष्मकणी ठरते. द्रव मर्यादा ३५ पेक्षा कमी असल्यास सुघट्यता अल्प, ३५ ते ५० मध्यम व ५० च्या वर उच्च. समजा, द्रव मर्यादा ५८ व सुघट्यता निर्देशांक ३२ आला. ५८ मधून २० वजा करून ०.७३ ने गुणल्यास २७.७ येतात. निर्देशांक त्याहून अधिक असल्याने माती उच्च सुघट्यतेची चिकणमाती, ‘सीएच’, ठरते. अशा मातीची फुगण्याची चाचणी घेतल्याशिवाय पायाचा निर्णय घेऊ नये.

प्रयोगशाळा नसल्यास शिक्षकांना वर्गातही आरंभ करता येईल. ओल्या मातीची गोळी तळहातावर हलवावी. पृष्ठभागावर पाणी चटकन चमकले आणि गोळी दाबताच नाहीसे झाले तर गाळ अधिक. काहीच बदल न दिसल्यास चिकणमाती अधिक. वाळलेली गोळी बोटांनी फुटत नसेल तर तेही चिकणमातीचे लक्षण होय.

निष्कर्ष

कोष्टकातील ‘सीएच’ ही दोन अक्षरे नमुन्याइतकीच विश्वसनीय असतात. मिसळलेल्या मातीवर अचूक चाचणी केली, तरी उत्तर चुकीच्या थराचे मिळते आणि त्यावर उभी राहणारी भिंत मुलांच्या वर्गाची असते. विद्यार्थ्यांना सूत्राआधी नमुना प्रामाणिकपणे घेण्याची सवय लावणे, हे या विषयाच्या शिक्षकाचे पहिले काम आहे.