वस्ती सुधारली, पण माणसं कुठं गेली?

वस्तीत दिवे आले, रस्ता डांबरी झाला, कचऱ्याची गाडी वेळेवर येऊ लागली, कोपऱ्यावर एखादं चांगलं दुकान उघडलं, की आपल्याला बरं वाटतं. नगरपालिकेत खेटे घालून, अर्ज-विनंत्या करून, प्रसंगी हंडा मोर्चा नेऊन आपण बायका याच गोष्टी तर मागत असतो. पण समजा, दिवे लागले आणि त्या दिव्यांसाठी वीस वर्षं भांडलेल्या बाईलाच भाडं परवडेना म्हणून वस्ती सोडावी लागली, तर? मग ती सुधारणा नक्की कुणाची झाली?

अमेरिकेतल्या मोठमोठ्या शहरांमधल्या कृष्णवर्णीय बायका हा प्रश्न गेली कित्येक वर्षं विचारत आहेत. तिकडं या प्रकाराला 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. 'जेंट्री' म्हणजे वरच्या थरातली, खानदानी मंडळी. रूथ ग्लास या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनमधल्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. स्वस्तातली जुनी वस्ती, तिथं पैसेवाले लोक राहायला येतात, घरं रंगवली जातात, भाव चढतात आणि मूळचे रहिवासी एकेक करून निघून जातात. अमेरिकेत हे मूळचे रहिवासी बऱ्याचदा कृष्णवर्णीय असतात. हा योगायोग नाही. त्यामागं शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आधी कोंडलं

गुलामगिरी कायद्यानं संपली तरी दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांचं जगणं अवघड होतं. साधारण १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख माणसं शिकागो, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, ओकलंड अशा शहरांकडे आली. पोटासाठी आली आणि जिवाच्या भीतीनंही आली. शहरात काम मिळालं, पण घर हवं तिथं मिळेना. कित्येक वस्त्यांमध्ये घराच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असायचं, की हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे बनवले आणि कृष्णवर्णीय वस्त्या त्यात लाल रंगानं दाखवल्या. लाल म्हणजे कर्जाला धोक्याची जागा. गोऱ्यांना सरकारी हमीवर घरासाठी कर्ज मिळालं आणि पुढच्या पिढीला ते घर वारशानं मिळालं. लाल रेषेच्या आतली माणसं आयुष्यभर भाडंच भरत राहिली.

लोरेन हॅन्सबेरी ही नाटककार याच अनुभवातून घडली. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. जमाव चालून आला, विटा फेकल्या गेल्या. वडील कोर्टाच्या कामात गुंतलेले, तेव्हा आई हातात पिस्तूल घेऊन रात्र-रात्र घरात पहारा द्यायची. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९४० साली तांत्रिक मुद्द्यावर का होईना, हे कुटुंब जिंकलं. पुढं लोरेननं 'अ रेझिन इन द सन' हे नाटक लिहिलं. १९५९ साली ते ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं ब्रॉडवेवरचं ते पहिलं नाटक. विषय अगदी घरगुती. नवऱ्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर आलेत आणि सासूबाईंना त्यातून सगळ्यांसाठी एक घर घ्यायचंय. एवढीच इच्छा, पण त्यासाठी केवढी लढाई!

मग उपटलं

१९४९ सालच्या गृहनिर्माण कायद्यानंतर 'शहरांचं नूतनीकरण' सुरू झालं. नाव छान, पण बुलडोझर फिरले ते बहुतेक करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर. लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ सालच्या एका मुलाखतीत स्पष्टच सांगितलं होतं, की नूतनीकरण याचा अर्थ कृष्णवर्णीयांना हलवणं.

सॅन फ्रान्सिस्कोतला फिलमोर भाग याचं ठळक उदाहरण. त्याला 'पश्चिमेचं हार्लेम' म्हणत. जॅझचे क्लब, न्हाव्यांची दुकानं, चर्च, खाणावळी, सगळं गजबजलेलं. १९५० च्या दशकापासून पुढची दोन-तीन दशकं तिथं पाडापाडी चालली. बाहेर काढलेल्यांना परत येण्यासाठी दाखले दिले, पण कित्येक प्लॉट वर्षानुवर्षं मोकळे पडले होते. नवी घरं उभी राहीपर्यंत माणसं पांगली होती. १९७० साली त्या शहरात दर १०० माणसांत १३ कृष्णवर्णीय होते. २०२० साली उरले जेमतेम ५.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मिंडी फुलिलव्ह यांनी या पाडापाडीचा माणसांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास केला. २००४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव आहे 'रूट शॉक', म्हणजे मुळांना बसलेला धक्का. शब्द बागकामातला आहे. रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडं लावलं, की ते काही दिवस मान टाकतं, हे आपल्या प्रत्येकीनं पाहिलेलं असतं. माती बदलते, मुळं तुटतात, सगळीच रोपं जगत नाहीत. माणसाचंही तसंच होतं, असं त्या सांगतात.

आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. घर म्हणजे चार भिंती नव्हेत, हे बाईला जास्त कळतं. बाळ अर्धा तास सांभाळणारी शेजारीण, उधारीवर सामान देणारा दुकानदार, रात्री-अपरात्री ताप चढला तर गाडी काढणारा कुणीतरी, ही सगळी तिची मिळकत असते. ती कुठल्याही सातबाऱ्यावर लागत नाही, म्हणून तिची भरपाईही कुणी देत नाही.

आता महाग केलं

आताची पद्धत बुलडोझरची नाही. आताचं हत्यार आहे भाव. कित्येक दशकं दुर्लक्ष झालेल्या वस्तीत जमीन स्वस्त असते आणि ती शहराच्या मध्याजवळ असते. आधी कमी भाड्याच्या शोधात कलावंत, विद्यार्थी येतात. मग कॉफीची दुकानं येतात. मग गुंतवणूकदार येतात. घरमालकाला कळतं, की याच खोल्यांचे दुप्पट पैसे मिळू शकतात. तो दुरुस्ती थांबवतो, करार संपला की वाढवत नाही. ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांचीही सुटका नाही, कारण घराची किंमत वाढली की बऱ्याच ठिकाणी घरपट्टीही वाढते. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या विधवेला ती भरायची म्हणजे दिव्यच. त्यात २००८ च्या मंदीत बुडीत कर्जांमुळे कृष्णवर्णीयांची फार घरं लिलावात गेली. त्यातली बरीच गुंतवणूकदारांनी घेतली.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७० साली ७१ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. प्रेमानं, अभिमानानं ते आपल्या शहराला 'चॉकलेट सिटी' म्हणायचे. २०११ च्या सुमारास हे प्रमाण निम्म्याखाली आलं आणि २०२० च्या जनगणनेत ४१ टक्क्यांवर. तिथल्या शॉ भागात एका मोबाइलच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षं 'गो-गो' हे तिथलं खास संगीत वाजायचं. २०१९ साली नव्यानं राहायला आलेल्या कुणीतरी तक्रार केली आणि ते बंद पडलं. मग काय, हजारो लोक रस्त्यावर येऊन नाचले! संगीत पुन्हा सुरू झालं आणि २०२० साली गो-गोला शहराचं अधिकृत संगीत म्हणून मान्यता मिळाली. गाणं वाचलं. पण ते ऐकत मोठी झालेली कित्येक घरं तोवर दूरच्या उपनगरात गेली होती.

सिनेदिग्दर्शक स्पाइक ली यांनी २०१४ साली ब्रुकलिनमधल्या एका भाषणात नेमकं बोट ठेवलं. आम्ही होतो तेव्हा कचरा रोज उचलला जात नव्हता, शाळा धड नव्हत्या. मग गोरे लोक राहायला आल्यावरच या सोयी कशा आल्या, असा त्यांचा सवाल होता.

घर जाण्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो मुलं घेऊन एकटीनं संसार ओढणाऱ्या बाईला. समाजशास्त्रज्ञ मॅथ्यू डेस्मंड यांनी मिलवॉकी शहरातल्या भाडेकरूंचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक २०१६ साली आलं. त्यांना आढळलं, की आयुष्यात कधी ना कधी घराबाहेर काढलं गेल्याचं सांगणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण पाचात एकीहून जास्त होतं. गोऱ्या बायकांमध्ये ते पंधरात एक होतं. आणि एकदा असं काढलं गेल्याची नोंद झाली, की पुढचा घरमालक दार उघडत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काहींनी आपली घरं चांगल्या भावात विकली. काही जण अटलांटा, ह्यूस्टनसारख्या शहरांत स्वखुशीनं गेले, मोठं घर आणि बऱ्या शाळेसाठी. त्यांच्याबद्दल कुणी हळहळण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो ज्यांना राहायचं होतं आणि राहता आलं नाही त्यांचा.

आया घरात शिरल्या

माझी एक भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात ओकलंडला राहते. त्या भागात संगणक क्षेत्रात काम करणारी मराठी मुलं-मुली कितीतरी आहेत. गलेलठ्ठ पगार आणि तसंच गलेलठ्ठ भाडं! त्या पगारांनीच तिथली भाडी चढवली, असं ती सरळ म्हणते. म्हणजे या गोष्टीत आपली मुलंही आहेत, फक्त ती नव्यानं आलेल्यांच्या बाजूला आहेत. त्यात त्यांचा गुन्हा नाही. पोटासाठी गाव सोडणं आपल्याला ठाऊक आहेच. पण आपण ज्या खोलीत पडदे लावतोय तिथं आधी कोण होतं, हे माहीत असायला काय हरकत आहे?

हे तेच ओकलंड, जिथं १९६६ साली 'ब्लॅक पँथर' संघटना जन्मली. तिच्यावरूनच १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली. १९६९ साली तिथल्या पँथर कार्यकर्त्यांनी, त्यात बायका मोठ्या संख्येनं, लहान मुलांना शाळेआधी मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. त्या शहरात १९८० साली जवळपास निम्मे लोक कृष्णवर्णीय होते. २०२० साली साधारण पाचात एक.

नोव्हेंबर २०१९ मध्ये डोमिनिक वॉकर ही दोन लहान मुलांची आई आणि तिच्या मैत्रिणी पश्चिम ओकलंडमधल्या मॅग्नोलिया स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या घरात राहायला गेल्या. घर एका गुंतवणूकदार कंपनीनं लिलावात घेतलेलं होतं आणि कुणीच तिथं राहत नव्हतं. 'मॉम्स फॉर हाउसिंग' असं त्यांनी आपल्या गटाचं नाव ठेवलं. शहरात माणसं रस्त्यावर झोपताहेत आणि घरं कुलपात, हे कसं, असा त्यांचा साधा प्रश्न होता. १४ जानेवारी २०२० च्या पहाटे चिलखती गाडी आणि बंदुका घेऊन पोलीस आले आणि तेव्हा घरात असलेल्यांना अटक करून घेऊन गेले. सुदैवानं मुलं तेव्हा घरात नव्हती. त्या आयांची चित्रं देशभर गेली. आठवड्याच्या आत कंपनी ते घर एका सामाजिक भूविश्वस्त संस्थेला विकायला तयार झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला, की लिलावात निघालेलं घर घेण्याची संधी तिथल्या भाडेकरूंना आणि अशा संस्थांनाही मिळावी.

ही भूविश्वस्त कल्पना समजून घेण्यासारखी आहे. जमीन संस्थेची, म्हणजे सगळ्यांची. घर त्या कुटुंबाचं. जमिनीचा करार बऱ्याचदा ९९ वर्षांचा. घर विकता येतं, पण ठरलेल्या मर्यादेतल्या किमतीला, म्हणजे पुढच्या गरजू कुटुंबालाही ते परवडतं. भावाचा खेळच संपतो.

आणि मैत्रिणींनो, ही कल्पना जिथून फुटली, त्यातलं एक मूळ आपल्या मातीत आहे. आपल्याला 'गीताई' देणाऱ्या विनोबांनी १९५१ साली पोचमपल्लीहून भूदान सुरू केलं, पुढं त्यातून ग्रामदान निघालं. जमीन गावाची, कसणारा कसेल, पण बाहेरच्याला विकता येणार नाही. या प्रयोगाचा अभ्यास करणारी काही अमेरिकन मंडळी होती. १९६९ साली जॉर्जिया राज्यात चार्ल्स आणि शर्ली शेरॉड या कृष्णवर्णीय दांपत्यानं सहकाऱ्यांबरोबर 'न्यू कम्युनिटीज' ही पहिली भूविश्वस्त संस्था उभारली, ती याच धर्तीवर. जमीन सुमारे ५,७०० एकर. शर्ली यांच्या वडिलांना १९६५ साली एका गोऱ्या शेतकऱ्यानं गोळी घातली होती. तरी दक्षिण सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं. दुष्काळ पडला, सरकारी कर्ज मिळताना भेदभाव झाला आणि १९८५ साली जमीन गेली. त्या लढत राहिल्या. २००९ साली भरपाई मिळाली. त्या पैशातून २०११ साली त्यांनी मोठी जागा घेतली. एकेकाळी तिथं गुलामांच्या जिवावर शेती चालायची!

म्हणूनच वस्तीसाठी पाणी, दिवे, रस्ता मागताना आणखी एक मागणी जोडायला हवी: आज इथं राहणाऱ्यांना उद्याही राहता आलं पाहिजे. ती आधी मागावी लागते, भाव चढल्यावर कुणी ऐकत नाही. आणि तुमचा मुलगा, सून, भाचा, पुतणी तिकडच्या एखाद्या शहरात असेल, तर पुढच्या फोनवर हवामान, जेवणखाण विचारून झालं की एक प्रश्न जरूर विचारा. 'तुमच्या गल्लीत तुमच्याआधी कोण राहायचं रे?' ठाऊक नसेल तर म्हणावं, शेजारच्या आजीबाईंना विचार. त्या अजून तिथं आहेत तोवरच.