भरताच्या वाटेनं सूप

माझ्या आजीच्या लेखी सूप म्हणजे धान्य पाखडायचं. प्यायचं ते सार. हल्ली लग्नात पहिलं काउंटर सुपाचं. लालभडक, चमच्याला चिकटणारं, वर तळलेल्या पावाचे चौकोन. त्यात टोमॅटो किती आणि कॉर्नफ्लोअर किती, हे विचारू नये. घरीही आपण तेच करतो. भाज्या कुकरमध्ये, तीन शिट्ट्या, मिक्सर, गाळणी. मग चव लागत नाही म्हणून लोणी, साखर, शेवटी पाकिटातला मसाला.

घोटाळा पाण्यात आहे. पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, कुकरमधलं साधारण १२०पर्यंत. भाजीतली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातून खरपूस रंग-वास झपाट्यानं तयार व्हायला १४० अंशांच्या आसपासची कोरडी आच लागते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं. खानदेशी माणसाला ते मायारनं सांगायची गरज नव्हती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना साल कुठवर करपू द्यायची, हे तिथं पोरासोरांनाही कळतं. (जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) रायगडातली पोपटी घ्या, वाटणासाठी विस्तवावर भाजलेला कांदा घ्या, भाजणं आपल्या हातात आहे. सुपाची वेळ आली की मात्र आपण कुकर काढतो.

तर चौघांसाठी अर्धा किलो लाल भोपळा, चार पिकलेले टोमॅटो, दोन कांदे, एक गाजर आणि लसणाचा अख्खा गड्डा. मोठ्या फोडी, दोन मोठे चमचे तेल, ओव्हन २०० अंशांवर, ३५ ते ४० मिनिटं. फोडी ट्रेमध्ये एका थरात, सुट्या पसरा. दाटीवाटी झाली की त्या एकमेकींच्या वाफेत शिजतात आणि तुमचा कुकरच होतो. मीठही नंतर, नाहीतर पाणी सुटतं. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा, झाकण न ठेवता, दोन-तीन घाण्यांत. वेळ जातो, पण चवीत फार उणं येत नाही.

लसणाची गंमत वेगळी. त्याचा उग्रपणा पाकळी चिरल्यावर एका विकरामुळे तयार होतो. अख्खा गड्डा भाजला की विकर आधीच निकामी होतं आणि पाकळी लोण्यासारखी गोड, मऊ निघते. ती सालातून पिळून घ्या.

ट्रेला चिकटलेली खरपुडी खरवडून टाकू नका. खरी चव तिथंच असते. त्यावर गरम पाणी ओता, उलथन्यानं सोडवा आणि हेच पाणी मिक्सरमध्ये घाला. पण आधी सगळं निवू द्या. मी एकदा घाईनं कढत मिश्रण फिरवलं. वाफेनं झाकण उडालं आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो भोपळा पुढच्या रंगकामापर्यंत नांदला.

दाटपणा भोपळा देतो, कॉर्नफ्लोअरची गरज नाही. गाळूही नका, गाळणीत राहतो तो चोथा पोटाला हवाच असतो. टोमॅटोतलं लायकोपीन आणि भोपळ्या-गाजरातलं कॅरोटीन स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून ते दोन चमचे तेल चैन नव्हे. क जीवनसत्त्व मात्र आचेनं घटतं. वाटीत घेतल्यावर लिंबू पिळावं. मिठाला हात आखडता ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, आणि खरपूस चवीला तसंही कमी पुरतं. बटाटा घालायचा मोह झाला तर तो सोनेरीच ठेवा. पिष्टमय पदार्थ फार भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड वाढतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२मध्ये दाखवलं.

वरून तूप-जिऱ्याची फोडणी दिली तर आजीनं याला बिनदिक्कत सार म्हटलं असतं. उरलंच तर दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ आणि हिरवी मिरची घालून थालीपीठ लावते.