शून्य लिटर

सकाळी ६.३०
दूधवाला येऊन गेला. आईनं कालनिर्णयवर आजचा १ लिहिला आणि कालच्या चौकोनात आठवणीनं ० टाकला. काल दूध घेतलं नव्हतं.
"कोरा ठेवला असता तरी चाललं असतं," मी म्हटलं.
"कसं चालेल? कोरा म्हणजे घेतलं नाही, की लिहायचं राहिलं? एक तारखेला तो वाद घालत बसतो."

९.३०
जेहान सर्कलचा सिग्नल पार करून गंगापूर रोडवरचं ऑफिस. दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आमचं यंत्र आहे. तासाभरात दार कितीदा उघडलं, त्याची यादी ते पाठवतं. रात्री मात्र दर तासाला रीस्टार्ट होतंय. दिवसा अगदी शहाण्यासारखं वागतं.

११.००
सापडलं. रात्री दार कोणी उघडत नाही. नोंदी शून्य, म्हणून यादीसाठी मागितलेली मेमरीही शून्य बाइट. यंत्रातली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम अशा मागणीला नल, म्हणजे 'पत्ता नाही' असं उत्तर देते. आणि नल आलं की मेमरी संपली समजून रीस्टार्ट करायचं, हे आम्हीच लिहून ठेवलेलं. आईचा कोरा चौकोन!
"पण मॅडम, लॅपटॉपवर चालत होतं," ज्युनिअर म्हणाला.
चालणारच. सी भाषेच्या नियमांत मॅलॉक(०) ला, म्हणजे शून्य बाइटच्या मागणीला, दोन्ही उत्तरं मान्य आहेत: नल द्या, नाहीतर एखादा पत्ता द्या, फक्त त्या पत्त्यावर काही वाचायचं-लिहायचं नाही. लिनक्स लॅपटॉपवरची सी लायब्ररी, जीलिबसी, पत्ता देते. ६४-बिट मशीनवर त्यासाठी ३२ बाइटचा तुकडा खर्ची पडतो. एक कोटी वेळा 'काही नको' म्हणा, ३२ कोटी बाइट गेले. फुकट ते पौष्टिक म्हणायचीही सोय नाही, हात लावायला बंदी!

१.१५
डबा. मेथी.

२.३०
ज्युनिअरचा उपाय: शून्य आलं की १ बाइट मागायचा. पुष्कळ जण तसंच करतात. मला पटत नाही. त्या एका बाइटवर कोणी चुकून लिहिलं तर कळणारही नाही. लिनक्स कर्नलची रीत मला आवडते. तिथला मॅलॉक, म्हणजे केमॅलॉक(०), थेट १६ हा पत्ता देतो. तो नल नाही, म्हणजे मेमरी संपलेली नाही. परत केला तर मुकाट्यानं घेतला जातो, वाचायला गेलात तर तिथल्या तिथे आपटता. खोट एवढीच की दरवेळी तोच १६. सी++ मध्ये मेमरी मागणारं न्यू शून्यालाही वेगवेगळे पत्ते देतं; पण तो थाट आमच्या चिमुकल्या यंत्राला परवडत नाही.

४.००
आमच्याच कोडमध्ये रीअ‍ॅलॉक(पी, ०) निघालं: आधी घेतलेल्या तुकड्याचा आकार शून्य करा. हे जास्त घातक. जीलिबसी जुना तुकडा सोडून नल देते. आमची पुढची ओळ 'जागा मिळाली नाही' समजून तोच तुकडा पुन्हा सोडते. सी भाषेच्या सी२३ या नियमावलीनं या प्रकाराची कसलीच हमी ठेवलेली नाही. त्याऐवजी सरळ फ्री, म्हणजे 'तुकडा सोडा', लिहिलं.

६.१५
आता नोंदी शून्य असतील तर मेमरी मागायचीच नाही. यादी मात्र पाठवायची: 'दार ० वेळा उघडलं.' टेबलावरच्या यंत्राचं घड्याळ पळवून रात्रीचे आठ तास चालवले. एकदाही रीस्टार्ट नाही.

८.३०
उद्या त्र्यंबकला जायचंय. आईनं उद्याच्या चौकोनात आत्ताच ० लिहून ठेवलाय.
"आणि तो विसरून दूध टाकून गेला तर?"
"पेन्सिलीनं लिहिलंय."