म्यूल हरणाची मीलनकाळातील धनुष्यशिकार

म्यूल हरणाची मीलनकाळातील धनुष्यशिकार ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात प्रचलित असलेली शिकारीची एक पद्धत आहे. खेचरासारख्या मोठ्या कानांमुळे या हरणास (ओडोकॉइलियस हेमिओनस) हे नाव पडले. इंग्रजीत ‘म्यूल’ म्हणजे खेचर. एरवी अत्यंत सावध असणारा प्रौढ नर मीलनकाळात दिवसाढवळ्या उघड्यावर फिरतो. त्यामुळे धनुर्धाऱ्यास त्याच्या जवळ जाण्याची संधी मिळते.

मीलनकाळातील वर्तन

रॉकी पर्वताच्या प्रदेशात नर बहुधा नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या प्रारंभापर्यंत माजावर असतात. ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात हा काळ डिसेंबर-जानेवारीत येतो व पाडसे उन्हाळी पावसाच्या सुमारास जन्मतात. नर स्वतःची ठरावीक हद्द राखत नाही. तो एका कळपाकडून दुसऱ्या कळपाकडे जात माद्यांचे मूत्र हुंगतो आणि माजावर येऊ लागलेली मादी आढळल्यास ती अनुकूल होईपर्यंत तिची पाठ सोडत नाही. या धावपळीत त्याचे चरणे कमी होते व वजन घटते.

शिकारीची पद्धत

पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी झाडावर मचाण बांधून वाट पाहण्याची पद्धत रूढ आहे. म्यूल हरणाच्या उघड्या, डोंगराळ मुलुखात मात्र दुरून हेरून लपतछपत जवळ जावे लागते. मीलनकाळात शिकारी नराऐवजी माद्यांचे कळप शोधतात. उंचावरून दुर्बिणीने कळप हेरून ठेवल्यास, आज तेथे नर नसला तरी एक-दोन दिवसांत येण्याचा संभव असतो.

एकटा चालणारा नर माद्यांच्या शोधात दूरवर जातो. त्याचा पाठलाग बहुधा व्यर्थ ठरतो. मादीमागे लागलेला नर मात्र तिच्याच परिसरात राहतो व ती बसली की प्रायः तोही बसतो. अशा वेळी कळपाचा खरा पहारा माद्याच करतात. एखाद्या मादीने धोका ओळखून धाव घेतली की नरही तिच्यामागे निघून जातो.

वाऱ्याची दिशा निर्णायक असते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापल्यावर ती वर चढू लागते. म्हणून हरणांना गंध लागू नये यासाठी सकाळी खालच्या बाजूने, तर दुपारी वरच्या बाजूने जवळ जाणे श्रेयस्कर मानले जाते.

नेम व संयम

हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. या धनुष्यामुळे पल्ला वाढला असला, तरी बहुतेक शिकारी २० ते ४० मीटरच्या आतूनच बाण सोडणे पसंत करतात. हरीण आडवे उभे असताना खांद्यामागील हृदय व फुप्फुसांचा वेध घेतला जातो. माजावरील नर क्षणोक्षणी हलतो आणि त्याच्या मागे दुसरे हरीण असू शकते. म्हणून खात्री नसल्यास बाण न सोडणे हाच शिष्टसंमत नियम आहे. बाण लागल्यावरही लगेच पाठलाग न करता काही काळ थांबून रक्ताचा माग काढतात. घाई केल्यास जखमी जनावर दूर पळते व हाती न लागताच मरते.

नियमन

मीलनकाळात प्रौढ नर सहज टिपले जातात. त्यामुळे अनेक राज्यांत बंदुकीच्या शिकारीचा बहुतांश हंगाम या काळापूर्वी संपतो आणि मीलनकाळातील मोजके परवाने सोडतीने दिले जातात. ॲरिझोनात या काळात केवळ धनुष्यासाठी स्वतंत्र हंगाम असतो. नराची बेसावध अवस्था हा या शिकारीचा आधार आहे आणि तेच तिच्यावरील निर्बंधांचे प्रमुख कारणही आहे.